सपाट मुलखावरून उडताना : प्रस्तावना

संगणकावर नव्याने विमान उडवायला बसलेला माणूस काय करणार, हे आता जवळजवळ ठरलेले आहे. आधी तो स्वतःचे घर शोधतो. गल्ली ओळखू आली, छप्पर सापडले की एक चक्कर मारून तो एव्हरेस्टकडे निघतो. मग लुक्लाची डोंगराला टेकलेली धावपट्टी, आल्प्स, ग्रँड कॅन्यन, नॉर्वेचा किनारा. एवढे झाले की हा छंद सुटतो, किंवा विमानातली बटणे आणि इंधनाचे हिशेब यांतच रमतो आणि खिडकीबाहेर बघणे बंद होते. आपण मराठी माणसे तर देखाव्याच्या बाबतीत सह्याद्रीने बिघडवलेली. कडा नाही, सुळका नाही, पावसात कोसळणारे पाणी नाही, म्हणजे बघण्यासारखे काही नाही असे आपण मनाशी धरून चालतो.

या पुस्तकातली उड्डाणे म्हणूनच एका सपाट मुलखातली आहेत. झाशीच्या ईशान्येला सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर समथर आहे. पश्चिमेला पहूज नदी, पूर्वेला बेतवा, आणि मधल्या पट्ट्यात हे गाव, त्याचा खंदकाने वेढलेला किल्ला आणि किल्ल्यातला उंच राजमहाल. गुर्जर घराण्याचे हे छोटे संस्थान. १८१७ साली त्याने इंग्रजांशी तह केला, पुढे त्याला अकरा तोफांच्या सलामीचा मान मिळाला आणि स्वातंत्र्यानंतर ते विलीन होऊन उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यात आले. गावाला विमानतळ नाही, जवळपास नाव घेण्याजोगा डोंगर नाही, ओरछा-खजुराहो करणाऱ्या सहलींच्या बस इकडे वळत नाहीत. मी हा मुलूख निवडला याचे कारण सरळ आहे. हिमालय बघायला सिम्युलेटर लागत नाही, तो फोटोतही भव्य दिसतो. समथरचा प्रदेश मात्र रस्त्यावरून जाताना दिसत नाही आणि तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाणाऱ्या प्रवासी विमानातूनही दिसत नाही. तो दिसतो हजार-दोन हजार फुटांवरून, सावकाश जाताना. त्या उंचीवरून या भागात खासगी विमानाने रेंगाळण्याची सोय सामान्य माणसाला नाही. झाशीची धावपट्टी लष्करी वापराची आहे आणि शेजारी बबीनाची छावणी आहे. तेव्हा खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे यंत्र एकच, घरातला संगणक.

गंमत अशी की सिम्युलेटर हे यंत्र मुळात बाहेरचे काही दिसू नये म्हणूनच जन्माला आले. अमेरिकेतल्या एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास जो सराव-डबा बनवला त्यात वैमानिक झाकणाखाली बसायचा. समोर फक्त काटे आणि तबकड्या. ढगात, अंधारात, बाहेर बघता येत नसताना विमान कसे सांभाळायचे याचा तो अभ्यास. १९३४ साली अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम लष्कराकडे आले, खराब हवेत वैमानिक भराभर अपघातांत गेले, आणि मग लष्कराने लिंकचे डबे विकत घेतले. खाली जमीन कशी दिसते याचा त्या डब्यात प्रश्नच नव्हता.

जमीन आली ती घरगुती संगणकावर. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकने ॲपल-दोन संगणकासाठी केलेल्या पहिल्या खेळात जग म्हणजे चौकोनांची जाळी होती आणि डोंगर म्हणजे चार रेघा. १९८२ साली मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती आली तेव्हा विमान शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज फील्डवर उभे असायचे. (तो विमानतळ २००३ साली शिकागोच्या महापौरांनी रातोरात बुलडोझरने खणून टाकला. पडद्यावरच्या जुन्या आवृत्त्यांत तो अजून शाबूत आहे.) अमेरिकेतली चार-दोन शहरे सोडली तर त्या जगात काही नव्हते. झाशी नव्हती, समथरचे तर नावच नको.

समथर पडद्यावर आले त्यामागे एक अवकाशयान आहे, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात रोचक वाटतो. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर हे अमेरिकी यान अकरा दिवसांच्या मोहिमेवर गेले. त्याच्या पोटातून साठ मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढला होता. एक रडार यानात, दुसरे दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते त्याच तत्त्वावर या दोन रडारांनी जमिनीची उंची मोजली. उत्तरेला ६० अंश ते दक्षिणेला ५६ अंश या पट्ट्यातली जवळजवळ सगळी जमीन त्यात आली. पृथ्वीवरच्या जमिनीचा हा सुमारे ८० टक्के भाग. ही मोजणी पुढे सर्वांना फुकट मिळाली. आधी ९० मीटरच्या चौकोनांत, आणि २०१४ पासून अमेरिकेबाहेरच्या जगालाही ३० मीटरच्या चौकोनांत. आज आपण वापरतो त्या बहुतेक विमान-खेळांच्या जमिनीखाली कुठे ना कुठे ही मोजणी आहे. तिने आल्प्स आणि समथर यांत भेद केला नाही. पर्यटक, प्रकाशक, चित्रपटवाले आणि कवी असा भेद करतात. रडारने दोन्हीकडे सारखेच बघितले. या छंदाबद्दल मला आदर वाटतो तो इथे.

मात्र जमिनीचा आकार आणि जमिनीचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या असतात. आकार रडारचा, वरचे रूप उपग्रहाने घेतलेल्या फोटोंचे, आणि घरे-झाडे यंत्राने अंदाजाने उभी केलेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या एका कंपनीने फोटोंवरून छपरे ओळखून जगभरात सुमारे दीड अब्ज इमारती उभ्या केल्या. कोणी एक-एक बघितली असण्याची शक्यता नाही. त्याच आवृत्तीत ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका उपनगरात सुईसारखा २१२ मजली मनोरा उगवला होता. कोणीतरी खुल्या नकाशावर दोन मजल्यांच्या जागी चुकून २१२ लिहिले, आणि यंत्राने विश्वास ठेवला. जगभरचे हौशी वैमानिक त्याचे दर्शन घ्यायला गेले. समथरच्या बाबतीत चूक उलट्या दिशेची होते. तट, खंदक आणि महाल असलेला किल्ला कोणी हाताने घडवून त्यात घातला नसेल, तर यंत्राच्या लेखी ती फक्त जवळजवळ लागलेली छपरे. त्यावर ते आपल्याजवळची ठरावीक घरे बसवते. खंदक फोटोतली एक काळसर पट्टी होऊन घरांभोवती पडून राहतो.

तरीही उडून बघा. झाशीहून निघाल्यावर पहिली काही मिनिटे खाली ग्रॅनाइटचा देश आहे. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा हा खडक. आपल्या दख्खनचा काळा पाषाण साडेसहा-सात कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच परवाचा. आपला पाषाण थरांवर थर बसून आडवा वाढला, म्हणून सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या रेघा दिसतात. बुंदेलखंडात असे थर नाहीत. इथे जुन्या भेगांत गारगोटी भरली, भोवतालचा ग्रॅनाइट झिजून गेला आणि गारगोटीचे लांबच लांब पांढुरके कणे वर राहिले. यांतले बहुतेक नैऋत्येकडून ईशान्येकडे धावतात. जमिनीवरून ती एखादी टेकाडांची ओळ वाटते. वरून कळते की ही एकच सरळ रेघ आहे आणि तिला समांतर अशा आणखी आहेत. या कण्यांमध्ये जिथे खिंड पडली तिथे बांध घातला की तळे तयार. चंदेलांपासून ओरछाच्या बुंदेल्यांपर्यंत इथल्या राज्यकर्त्यांनी पाणी अडवण्याची जी कीर्ती मिळवली, तिच्यात या दगडाचा वाटा मोठा आहे. झाशीजवळच्या बरुआसागरवर घिरट्या घातल्या म्हणजे हे पुस्तकाविना समजते.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हे कणे दुपारी बारा वाजता बघितलेत तर काही दिसणार नाही. खेळातले घड्याळ डिसेंबरच्या सकाळी साडेसातवर लावा. त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे कण्यांना जवळजवळ काटकोनात, आणि वीस-तीस मीटरच्या उंचवट्याचीही लांब सावली पडते. सपाट प्रदेशात सगळा खेळ सावलीचा आहे. सूर्य हवा तिथे नेऊन ठेवण्याची मुभा खऱ्या वैमानिकाला कधीच मिळणार नाही.

झाशी–कानपूर लोहमार्ग धरून पुढे गेलात की पारीछाची चिमणी दिसते. औष्णिक वीजकेंद्राची. शेजारी बेतवेवरचा जुना बंधारा आणि त्यातून निघालेला कालवा. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. हीच बेतवा मेघदूतातली वेत्रवती. ढगाची वाट रामगिरीहून निघते आणि वाटेत विदिशेला या नदीचे पाणी येते. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशींनी मांडले आहे. जमीन वरून, एका संथ वाहनाच्या नजरेने आणि वळणे घेत घेत बघावी, ही कल्पना आपल्याकडे किमान दीड हजार वर्षे आहे. यक्ष ढगाला उज्जयिनीसाठी वाट वाकडी करायला सांगतो. लवकर पोचण्याचा हट्ट त्यालाही नव्हता, आणि निरोप तर त्याचाच होता.

पुढे चिरगाव लागते. हिंदीतले मैथिलीशरण गुप्त इथले. मग मोठ. मोठपासून लोहमार्ग सोडून डावीकडे, उत्तरेला वळायचे आणि समथर गाठायचे. इथवर येताना गारगोटीचे कणे मागे पडलेले असतात, ग्रॅनाइट गाळाखाली गेलेला असतो आणि जमीन इतकी सपाट होते की नवखा वैमानिक कंटाळतो. झाशीपासून यमुनेकाठच्या काल्पीपर्यंतचे अंतर सरळ रेषेत १४० किलोमीटरच्या आसपास आणि उतार सगळा मिळून दीडएकशे मीटर, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर. कंटाळा येण्याच्या जागीच खरे बघणे सुरू होते असे माझे मत आहे. शेतांचा रंग पाहा. बुंदेलखंडातला शेतकरी जमिनीला मार, काबर, पडुवा, राकड अशी नावे देतो. मार म्हणजे ओल धरणारी काळी, काबर तिच्याहून कठीण आणि ढेकळांची, पडुवा फिकट पोयटा, आणि राकड म्हणजे नदीकडेची धुपलेली, खडेगोट्यांची जमीन. वरून या चारही जमिनी रंगाने वेगळ्या काढता येतात. गावे कुठे दाटली आणि कुठे विरळ झाली, हरभरा-मसूर-गव्हाचे पट्टे कुठे संपले, याचे उत्तर बऱ्याचदा त्या रंगात असते.

आणि मग नदी जवळ आली की जमीन एकाएकी फाटते. पहूज असो, बेतवा असो की यमुना, काठाशी बीहड. मऊ गाळ पावसाने कापून कापून झालेल्या घळींची गुंतवळ. इथे पडद्यावरच्या जगाची मर्यादा कळते. ९० मीटरच्या चौकोनात तीस मीटर रुंदीची घळ मावत नाही. तिची सरासरी होते. त्यामुळे जुन्या खेळांत बीहड म्हणजे चुरगळलेल्या कापडासारखा काहीतरी गोलसर प्रकार दिसे. ३० मीटरच्या मोजणीने घळी बऱ्याच मोकळ्या झाल्या, तरी काठ अजून खऱ्याइतके तीव्र नाहीत. फोटोत घळीची सावली गडद असते आणि तिच्याखालची जमीन मात्र सौम्य उतरते. खाली झुकून गेलात की ही विसंगती डोळ्याला खुपते. रडारने झाडांचे शेंडे आणि छपरेही जमिनीतच मोजली आहेत हेही लक्षात ठेवावे.

मराठी वाचकाला या पट्ट्याशी जोडणारा धागा १८५८ चा आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, रात्री, राणी लक्ष्मीबाई झाशीच्या किल्ल्यातून निघाल्या आणि पहूजेकाठच्या भांडेरवरून काल्पीला पोचल्या. शंभर मैलांच्या घरातली ही दौड. तिच्यावर आपल्याकडे पोवाडे झाले, नाटके झाली. जमीन कशी होती हे मात्र कोणी फारसे विचारत नाही. भांडेर ते काल्पी रेघ ओढली तर समथर तिच्यापासून फार दूर राहत नाही. ती रेघ धरून शंभर नॉटच्या वेगाने गेलात तर पाऊण तासाच्या आत काल्पी येते, आणि एक गोष्ट लख्ख दिसते. पहूज मागे टाकली की काल्पीपर्यंत मोठी नदी आडवी येत नाही. पहूज आणि बेतवा यांच्या मधली ही पाणलोटाची किंचित उंच पट्टी आहे. नाले इथून दोन्ही बाजूंना निघून जातात. पुढे ओरई-काल्पीचा लोहमार्ग याच उंचवट्याने गेला, महामार्गही गेला. ही पट्टी डोळ्यांनी दिसावी इतकी उंच नाही, पण घोड्याच्या पायाला कळावी इतकी आहे. राणीच्या सोबत्यांना हा मुलूख ठाऊक होता असा माझा तर्क आहे, आणि तो मी तर्क म्हणूनच मांडतो.

काल्पीचे महत्त्वही वरून उमगते. शेवटच्या काही किलोमीटरांत सपाटी संपते आणि यमुनेच्या बीहडात किल्ला एकटा उभा राहतो. ७ मे रोजी कोंचची लढाई झाली आणि त्याच महिन्यात काल्पीची, ती याच घळींतून. कोंचला उन्हाने इंग्रज शिपाई कोसळत होते. पडद्यावर मे महिना लावा, उकाडा लागत नाही. खोलीतला पंखा चालूच असतो. नकली उड्डाणाला एवढे कबूल करावेच लागते.

वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी हीच भूमी पायांखाली घातली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. गोडसे भटजींना माणसे दिसतात, पंगती दिसतात, दक्षिणा दिसते, भीती तर फारच दिसते. जमीन जवळजवळ दिसत नाही. चालणाऱ्याला सपाट जमिनीवर क्षितिजापर्यंत एकच शेत दिसणार, त्यात वर्णन करण्यासारखे काय? काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना भेटते तो प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक आहे. या पट्ट्यावरून उडताना तो प्रसंग मला वेगळा कळू लागला. खाली पाणी आहे ते घळींच्या तळाशी किंवा खोल विहिरींत. दोर आणि भांडे नसलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, या जमिनीवर पाणी मिळत नाही.

आता साधनांबद्दल थोडेसे. महागडा संगणक हवाच असे नाही. फ्लाइटगिअर फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. त्यात फोटो नसले तरी उंचीची मोजणी असते आणि जमीन वाचायला तेवढे पुष्कळ. एक्स-प्लेनवाले हौशी लोक स्वतः फोटो बसवून घेतात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीला शंभर जीबीच्या पुढे जागा आणि चांगले इंटरनेट लागते, आणि चित्र अर्थातच सर्वांत देखणे. त्या देखणेपणापासून थोडे सावध राहावे. उपग्रहाचे फोटो ढग नसतानाचे, म्हणजे बहुधा कोरड्या दिवसांतले. खेळात आषाढाचे ढग आणलेत तरी खाली शेते पिवळीच राहतात. दोन वेगळ्या महिन्यांतले फोटो जिथे जोडले आहेत तिथे सरळ रेघेवर ऋतू बदलतो, एकाच शेताची अर्धी बाजू हिरवी आणि अर्धी कापलेली. हवाही गरजेपेक्षा स्वच्छ असते. एप्रिल-मेमध्ये या भागात धुळीचा पडदा असतो. तो सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम ओढावा, म्हणजे दूरची चिमणी दिसेनाशी होते आणि वाट शोधताना नदी, रूळ, कालवा यांवर खरोखर अवलंबून राहावे लागते.

विमान साधे, पंख वर असलेले घ्या, सेसना १७२ उत्तम. पंख खाली असले की जमीन झाकते. वाट दाखवणारा पडद्यावरचा नकाशा बंद करा. जोवर आपण बाणाच्या मागे जातो तोवर बाणच बघतो. स्वयंचलित उड्डाणही नको, निदान पहिल्या वेळी नको. हात कामात असला की डोळा जागा राहतो. पुढची प्रकरणे वाचताना संगणक शेजारी असावा. उड्डाणे कोणत्याही क्रमाने केलीत तरी चालेल, फक्त झाशी–मोठ–समथर हे पहिले करा, कारण पुढे येणाऱ्या खुणा त्यातच भेटतात.

शेवटी एक विनंती, आणि ती समथर, मोठ, भांडेर, कोंच इथे राहणाऱ्या किंवा तिथे नातलग असणाऱ्या वाचकांना. पुण्या-मुंबईत बसून समथरचा खंदक कुठून कुठे जातो हे फोटोवरून अंदाजानेच सांगता येते. मेलबर्नचा मनोरा ज्या खुल्या नकाशातून उगवला, त्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही विनामूल्य खाते उघडून भर घालता येते. तुमच्या गावातला तलाव, किल्ल्याचा तट, बंधी, बारव, जुनी वाट, जे स्वतः चालून पाहिले असेल तेवढेच तिथे नोंदवा. मजले मात्र दोनदा मोजा.